पोवळ्यांची भिंत

डोंगरदेशाची राणी होती चिमुरडी आणि तिच्या परकराला ठिगळं होती. तिचं नाव शाल्मली. देशात नुसता खडक, त्यामुळे राणीच्या ताटातही जेमतेम अर्धी भाकरी पडायची.

डोंगरदेश, रानदेश आणि बेटदेश यांचा एक संघ होता आणि तिघांचं मिळून एक सोनेरी कोठार. पुढच्या सात वर्षांत कुणाला किती धान्य मिळणार, ते एकदाच ठरायचं. तिघांनी ‘हो’ म्हटलं, तरच कोठाराचं दार उघडायचं. सभा उद्या सकाळी होती आणि बेटदेशाची सागरराणी आजच सांगून मोकळी झाली होती, “मला अर्धं कोठार हवं. नाहीतर माझा नकार.”

संध्याकाळी शाल्मली सभेच्या बागेत भाकरी खात बसली होती. इतक्यात जाईच्या वेलीवर काहीतरी लुकलुकलं. ती होती एक इवलीशी परी, मोरपिशी पंखांची, पण भुकेने मलूल झालेली. शाल्मलीने मऊ मऊ तुकडा तिला भरवला. तशी परी टुणकन उठली आणि पंखांतून चंदेरी चुरा भुरभुरला.

“एक वर माग, बाळे,” परी म्हणाली. “पण आपल्या देशासाठी मागायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याची गरज त्याच्याच तोंडून ऐकून यायची. सूर्य बुडायच्या आत.”

सागरराणीला सगळेच घाबरायचे. तरी शाल्मली तिच्याकडेच धावत सुटली.

“राणीआजी, तुम्हाला एवढं धान्य कशाला हवं?” तिने धापा टाकत विचारलं.

सागरराणी हळूच म्हणाली, “हे मला कुणी विचारलंच नव्हतं गं. समुद्र आमची शेतं गिळतो. लेकरांना काय घालू?”

शाल्मली बागेत परतली, तेव्हा सूर्याची लालचुटुक कड तेवढी उरली होती. आपल्या देशातली उपाशी बाळं आठवून तिचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली, “परीताई, बेटांभोवती पोवळ्यांची भिंत होऊ दे.”

सकाळी बेटदेशाचा नावाडी धावत सभेत आला. बेटांभोवती गुलाबी भिंत उभी राहिली होती आणि लाटा बाहेरच लोळत होत्या. हे कुणी मागितलं ते ओळखून सागरराणीने शाल्मलीला जवळ ओढलं.

“आता आम्हाला थोडंच पुरे,” ती म्हणाली. “आधी डोंगरदेशाला द्या, पोटभर. सातही वर्षं.”

“हो,” रानदेशाचा राजा हसून म्हणाला. “हो!” शाल्मली आनंदाने ओरडली.

दार उघडलं. पिवळंधमक धान्य झुळझुळत बाहेर आलं. दारावर परी गरगर फिरली, खुदकन हसली आणि लख्ख उजेड होऊन विरून गेली. शाल्मली हात हलवत बैलगाड्यांकडे पळाली. पहिली गाडी तिला स्वतः घरी न्यायची होती.