पाच गाठींचा पंचा

एका गावात एक भोळा गडी होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण बाकीच्यांना निदान आपला भोळेपणा झाकता यायचा. याला तेवढंही जमत नव्हतं. नाव खंडू, वय पंचवीस. शाळा सातवीत सुटली. गुरुजी एकदा रागाने म्हणाले, "उद्यापासून मला तोंड दाखवू नकोस," आणि खंडूने दाखवलं नाही.

मग तो स्टँडवरच्या दौलूअण्णाच्या पंक्चरच्या दुकानात कामाला लागला. पहिल्याच सकाळी दौलूअण्णा म्हणाला, "खंडू, जरा हवा बघ."

खंडू बाहेर गेला आणि आभाळाकडे बघत उभा राहिला. तासाभराने आत येऊन म्हणाला, "अण्णा, हवा झ्याक हाय. पावसाचं काय चिन्ह न्हाई."

दौलूअण्णाने हातातला पान्हा आपटला. "आरं गाढवा, हवा आभाळात न्हाई, चाकात असती! मनाशी खूणगाठ बांध आणि घरला जा!"

मनाशी गाठ कशी बांधतात ते खंडूला ठाऊक नव्हतं. खांद्यावर पंचा होता. त्याने पंच्याच्या टोकाला एक घट्ट गाठ मारली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी कामावर ये, असं कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो गेलाही नाही.

खंडूची आई कोंडाबाई गावच्या बोर्डिंगात पाणी तापवायची. शंभर पोरांच्या अंघोळीचं पाणी, आणि त्यासाठी एक भलंमोठं चुलाण. पहाटेपासून ती त्यात लाकडं सारायची आणि फुंकर घालायची. एकोणीस वर्षं धूर खाऊन तिचे डोळे लाल झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, आता धूर सोडा, नाहीतर डोळे तुम्हाला सोडतील."

बोर्डिंगावर उन्हाने पाणी तापवणारा बंब मंजूर झाला होता. तो बसला की चुलाण बंद होणार होतं आणि कोंडाबाईला पोळ्या लाटायचं काम मिळणार होतं. पण सरकारी कामाला अट नसली तर ते सरकारी कसलं? बंबाची देखभाल करणारा, परीक्षा पास झालेला माणूस गावातलाच हवा होता. नाहीतर बंब दुसऱ्या गावाला जाणार होता.

तालुक्याला त्याचं शिक्षण देणारं एक केंद्र निघालं होतं. ज्यांना कुठंच काम मिळत नाही, त्यांना तिथं फुकट शिकवायचे. वीटभट्टीवरचे चौघे आले, ऊसतोडीतले तिघे आले, नवऱ्यांनी टाकलेल्या दोघी आल्या. आपल्या गावातून एकटा खंडू गेला.

शिकवायला मुजावर मास्तर होते. चाळीस वर्षं नळकाम केलेला माणूस, हातात जादू. खोड एकच. बोलताना ते वस्तूचं नाव घेत नसत. "ते तिकडं लाव, हे इकडं फिरव, त्याला आवळ," असं चालायचं. बाकीच्यांना सगळं कळायचं. खंडूला फक्त ऐकू यायचं.

खंडूचा हात मात्र चांगला होता. नळाला आटे असे पाडायचा की थेंब गळायचा नाही. म्हणून शिमगा झाल्यावर मास्तरांनी त्याला पहिल्या गिऱ्हाइकाकडे धाडलं. साळोखे आबांच्या घरी.

"गच्चीवर जायचं," मास्तर म्हणाले. "दक्षिणेला तोंड करून बसवायचं. सावली अजिबात पडू द्यायची न्हाई. दोन तासांत तापलं पायजे."

खंडू गेला. गच्चीवर साळोखे आबा टोपी घालून, छत्री लावून पेपर वाचत बसले होते. तोंड उत्तरेला.

"आबा, उठा," खंडू म्हणाला. "दक्षिणेला तोंड करा."

"का रं?"

"मास्तरांनी सांगितलंय."

सरकारी माणूस सांगतोय म्हणताना आबा मुकाट्याने फिरले. खंडूने छत्री मिटली. टोपी काढली, तिचीही सावली पडत होती. दोन तास तो समोर उभा राहिला आणि मधूनमधून आबांच्या टकलाला हात लावून बघत राहिला. आबांच्या सूनबाई जेवायला बोलवायला वर आल्या, तर सासरे दक्षिणेला तोंड करून लालबुंद बसलेले. जिवंत माणसाला यमाच्या दिशेला बसवलेलं बघून त्यांनी जो टाहो फोडला, तो थेट केंद्रापर्यंत ऐकू गेला.

"तापलं का?" मास्तरांनी धावत येऊन विचारलं.

"तापलं, मास्तर. आता बोलायबी लागलं."

आबा बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"आरं, उन्हात तापणारं काय दिसलं तर आधी झाकून ठेवावं," मास्तर ओरडले, "येवढीबी अक्कल न्हाई? खूणगाठ बांध!"

खंडूने दुसरी गाठ बांधली. घरी आल्यावर कोंडाबाईने डोळे चोळत विचारलं, "काय झालं रं, खंड्या?"

"एक गाठ वाढली, आये."

पुढचं घर नर्सबाईंचं. इथं खंडूने बंब अगदी नीट बसवला. काचेच्या नळ्या ओळीने, टाकी सरळ, तोंड दक्षिणेला, तेही बंबाचंच. मास्तरांनी बघितलं असतं तर मिठी मारली असती. मग खंडूने वर पाहिलं. ऊन रणरणत होतं. नळ्या तापायला लागल्या होत्या.

"बापरे," खंडू म्हणाला आणि खाली जाऊन नर्सबाईंच्या दोन गोधड्या घेऊन आला. बंब गळ्यापर्यंत झाकला. वरून दोरीने आवळला. त्याला थंडी वाजू नये म्हणून नव्हे, गाठीत तसं होतं म्हणून.

नर्सबाई तीन दिवस गार पाण्याने न्हाल्या. चौथ्या दिवशी शिंकत केंद्रावर आल्या.

"आरं, झाकलेलं उघडायचं असतं!" मास्तरांनी कपाळ बडवलं. "काम झालं की जे जे झाकलेलं दिसंल ते उघडून यायचं. सगळं! बांध गाठ."

"बांधली."

तिसरं घर पाटलांच्या काकूंचं. शिमग्यानंतरचे दिवस. काकूंनी गच्चीभर कुरडया घातल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरी धोतरं पसरली होती. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला होता. पाण्याच्या टाकीला झाकण होतं. खंडूने बंब बसवला, गोधडी शोधली नाही, आणि जाता जाता धोतरं काढली, दादरा सोडला, टाकीचं झाकण उचलून बाजूला ठेवलं. सगळ्यांची नीट घडी घालून ठेवली. झाकणाची घडी होईना, म्हणून ते तसंच ठेवलं.

अर्ध्या तासात गावातली माकडं गोळा झाली. कुरडया खाल्ल्या, वर लोणचं खाल्लं. लोणचं तिखट लागलं म्हणून टाकीत उतरली.

"माझ्या वर्षाच्या कुरडया!" काकू हंबरडा फोडून म्हणाल्या. "मेल्या, दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावावा का?"

मास्तरही तेच म्हणाले. "मालक हो म्हणाल्याबिगर कशाला म्हणून कशाला हात लावायचा न्हाई. खूणगाठ!"

चौथी गाठ. पंचा आता गाठींमुळे खांद्यावर नीट बसेना.

चौथं घर रावसाहेब जगतापांचं. घरचे सगळे लग्नाला निघाले होते. किल्ली खंडूच्या हातात देऊन गेले. काम झालं, खंडूने खालून पाणी सोडलं, टाकी भरली आणि भरून वाहायला लागली. समोर कॉक होता. एक पिळा दिला की पाणी बंद. खंडूने हात पुढे केला आणि गाठ दिसली. हात मागे घेतला.

मालक होते तीन कोसांवर. खंडू निघाला. उन्हातून चालत मांडवात पोचला, तर मंगलाष्टकं चाललेली. मधेच कसं विचारायचं? तो अक्षता टाकून शेवटपर्यंत थांबला. पंगत बसली. आग्रह झाला, म्हणून जेवला. मग जगतापांच्या कानाशी लागून म्हणाला, "रावसाहेब, तुमच्या कॉकला हात लावू का?"

"कसला कॉक?"

"पाणी जिन्यातनं खाली येतंय जी. मी निघालो तवा देवघरापर्यंत आलं हुतं."

रावसाहेबांच्या हातातली जिलबी खाली पडली.

त्या दिवशी मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी खंडूला जवळ बसवलं. हळू आवाजात म्हणाले, "पोरा, पाणी दिसलं की बंद करावं. विचारत बसू नये. आणि आता नीट ऐक. बोर्डिंगचं काम ही तुझी परीक्षा. तिथं चुकलास, तर तुझ्या आईचं चुलाण काय इझत न्हाई."

खंडूने पाचवी गाठ बांधली. ही मात्र त्याने दोनदा आवळली. आई त्याला कळत होती. बाकी जगाचं काही कळत नसलं तरी आई कळत होती.

बोर्डिंगवर खंडूने आठ दिवस मान वर केली नाही. गच्चीवर चार बंब बसवले. चारी दक्षिणेला. झाकायचं तेव्हा झाकले, उघडायचं तेव्हा उघडले, प्रत्येक गोष्ट रेक्टरांना विचारून केली, टाकी भरताच कॉक बंद केला. एकही चूक नाही. मास्तर तर घाबरूनच गेले.

परीक्षेला मोठे साहेब जीपमधून आले. शंभर पोरं रांगेत उभी राहिली. कोंडाबाई चुलाणापाशी पदर तोंडाला लावून उभी होती. साहेबांनी न्हाणीतला नळ सोडला.

नळ म्हणाला, "फुस्स."

पाणी नाही. साहेबांनी भुवया चढवल्या. कोंडाबाईने देवाचं नाव घेतलं. मास्तरांनी खंडूला बाजूला ओढलं आणि कानात म्हणाले, "हवा अडकलीया! पळ! चारी ठिकाणची काढ. एकातबी ठेवू नगंस!"

खंडू पळाला. जिन्यापाशी येऊन थबकला. वर की खाली? त्याने पंचा पुढे ओढला आणि गाठी चाचपल्या. पाचवी पाण्याची. चौथी विचारायची. तिसरी उघडायची. दुसरी झाकायची. हवेची गाठ कुठली? अगदी टोकाची, पहिली. दौलूअण्णाची. हवा आभाळात नसते.

खंडू खाली पळाला.

इकडे नळाने दोनचार उचक्या दिल्या, खोकला काढला, आणि अडकलेली हवा आपली आपणच निघून गेली. मग धो धो पाणी आलं. साहेबांनी हात धरला आणि झटकन मागे घेतला. "अहो, चटका बसला!"

"हवा हुती, साहेब," मास्तर छाती फुगवून म्हणाले. "आमच्या पोरानं काढली."

तेवढ्यात खंडू घामाने निथळत परत आला. हात काळे झालेले.

"काढलीस का रं?"

"काढली, मास्तर. कशातच ठेवली न्हाई."

"वा!" साहेब म्हणाले. "असा माणूस पाहिजे. सांगितलं की पळाला." त्यांनी तिथल्या तिथे पास झाल्याच्या कागदावर सही केली, शिक्का मारला आणि तो कागद खंडूच्या हातात दिला.

खंडूने कागद आईला दिला. कोंडाबाईला वाचता येत नव्हतं. तिने तो कपाळाला लावला, चुलाणाकडे बघितलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा धुराशिवाय तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आये, बंद कर," खंडू म्हणाला. "पाणी दिसलं की बंद करायचं." आणि पंच्याच्या गाठीनेच त्याने तिचे डोळे पुसले. बघणारे पोटभर हसले, पण मास्तर दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

साहेब निघाले. जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तर ती म्हशीसारखी जागच्या जागी हलली आणि बसली. ड्रायव्हर खाली उतरला. चारी चाकं जमिनीला चिकटलेली.

"हवा कुणी काढली?" साहेब गरजले.

"म्या," खंडू हात वर करून म्हणाला. "चारी ठिकाणची."

मास्तर तिथंच पायरीवर बसले.

"साहेब, स्टेपनी हाय," ड्रायव्हर म्हणाला. "ती लावून निदान एक चाक तरी..."

"तिचीबी काढली जी," खंडू म्हणाला. "मास्तर चारच म्हणाले हुते, पण पाठीमागं एक झाकून ठेवलेलं दिसलं. आधी उघडलं, मग काढली."

साहेब लालबुंद झाले. साळोखे आबा परवडले, इतके. "तो कागद आण इकडे! आत्ताच्या आत्ता!"

खंडूने चौथी गाठ चाचपली. "कागद आता आयेचा हाय, साहेब. मालक हो म्हणाल्याबिगर हात लावता येत न्हाई. आये, हो म्हंतीस का?"

कोंडाबाईने कागद पदरात बांधला, त्याला गाठ मारली आणि म्हणाली, "न्हाई."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. त्या लाल डोळ्यांकडे बघितलं. मग पाच चपट्या चाकांकडे बघितलं. आणि कुणाच्या बापाला वाटलं नव्हतं, पण साहेब जे हसायला लागले ते त्यांना थांबता येईना. "राहू दे, बाई," ते म्हणाले. "पण पंप कुठं मिळतो ते तरी सांगा."

पोरांनी स्टँडवरून दौलूअण्णाला पंपासकट आणलं. त्याने जीपभोवती एक फेरी मारली. एकेका चाकाला बोटाने टिचकी मारली. स्टेपनीलाही मारली.

"हे कुणाचं काम?"

शंभर पोरांनी खंडूकडे बोट दाखवलं.

दौलूअण्णाने पंप खाली ठेवला, खंडूच्या पाठीवर थाप मारली आणि साहेबांना म्हणाला, "साहेब, पोरगं माझ्याच हाताखाली शिकलंय. त्याला एकदा सांगितलं ना, जल्मात इसरत न्हाई."