लाकडी हातांची अदलाबदल

विषय : वर्दळ वाढावी म्हणून संकेतस्थळांनी एकमेकांचे दुवे आपापल्या पानांवर लावण्याबाबत.

संदर्भ : याच स्वरूपाचे एक जुने प्रकरण. संकेतस्थळे नव्हती, नुसते रस्ते होते, तेव्हाचे.

वरील विषयास अनुसरून लहानथोर वाचकांस कळवण्यात येते की, फार पूर्वी, कोणत्या राजाच्या काळी ते आता कोणालाच आठवत नाही, एका डोंगराळ मुलखातून एक वाट जात असे. वाटेवर वाड्यावस्त्या विखुरलेल्या होत्या. कोण कुठे राहतो आणि कोणाचे काम चांगले, हे नव्या वाटसरूला कळायला मार्ग नव्हता.

म्हणून तिथे एक रीत पडली होती. प्रत्येकाच्या दारात एक खांब असे. फळी हाताच्या आकाराची कापायची, तिच्यावर चित्र काढायचे आणि ती खांबाला ठोकायची. ताट काढले की खानावळ, मडके काढले की कुंभार, नाल काढला की घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद. बोटे ज्या दिशेला, तिकडे ते घर. मात्र आपल्या खांबावर आपला हात लावायचा नाही, दुसऱ्याचा लावायचा. तोही त्याच्याकडे स्वतः जेवल्यावर, त्याचे मडके वापरल्यावर. ज्याच्याकडे जास्त हात वळलेले, तो माणूस चोख, असे वाटसरू धरून चालत. सहसा ते खरे निघे.

खिंडीच्या पायथ्याशी एकाची खानावळ होती. तिथले जेवण वाईट नव्हते. चांगलेही नव्हते. जेवल्यावर माणूस उपाशी राहत नसे, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. त्या मुलखात त्याच्याकडे वळलेले हात दोनच. त्यांतला एक मेहुण्याने लावलेला.

अशात राजाने दवंडी पिटवली. या वाटेवर एक खानावळ सरकारी मुक्काम म्हणून नेमायची आहे. राजाचे जासूद, स्वार, पाहुणे तिथेच जेवतील. इच्छुकांनी अर्ज करावेत.

खानावळवाल्याने अर्ज केला. अर्ज केल्यावर स्वस्थ बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने गोठा पाडून तिथे लांब पडवी बांधली आणि गाई सासुरवाडीला पाठवून दिल्या. घर चालत होते ते खरे त्या गाईंच्या दुधातुपावर.

बायको म्हणाली, "गोठा गेला. आता मुक्काम नाही मिळाला, तर त्या पडवीत आपण दोघं बसू. समोरासमोर."

"मिळेल. दरबार हात बघतो म्हणे. हात वाढवले पाहिजेत."

"डाळ वाढवली तर हात आपोआप वाढतील."

"तुला दरबारी कामातलं कळत नाही," असे म्हणून तो कुंभाराकडे गेला.

"तुम्ही माझं ताट लावा, मी तुमचं मडकं लावतो," तो म्हणाला.

"पण मी तुमच्याकडे जेवलेलो नाही."

"मी तरी तुमचं मडकं कुठं वापरलंय? झाली की बरोबरी."

"आणि जेवण वाईट निघालं तर?"

"तुमचं मडकं गळतं का, हे मी विचारलं का?"

कुंभाराला हे शेजारधर्माला धरून वाटले. नालबंदालाही पटले. वैद्य तेवढा जरा अडखळला. "खानावळीच्या दारात वैद्याचा हात? लोक काय समजतील?"

"समजतील की वैद्य जवळच आहे."

वैद्याने ताटाचा हात लावून घेतला.

आडवाटेला एक म्हातारी राहत असे. तीही वाटसरूंना रांधून वाढी. तिच्याकडे वळलेले हात पुष्कळ होते. खानावळवाला तिच्याकडेही गेला. ती म्हणाली, "लावते की. आधी जेवून बघते."

ती आली, पाटावर बसली, सगळे सावकाश जेवली. हात धुऊन म्हणाली, "वरणात पाणी फार आहे, बाबा."

"वरणात पाणी असतंच, मावशी."

"असतं. पण वरणही असतं. मूठभर डाळ वाढव आणि मला निरोप धाड. पुन्हा येते. चांगलं झालं असेल तर हात मी स्वतः ठोकीन."

निरोप धाडायचे त्याच्या मनात होते. पण निरोप न धाडताही हात मिळत होते, त्यामुळे ते राहून गेले.

ही युक्ती मग सगळ्यांनी उचलली. जो तो ज्याला त्याला हात देऊ लागला. पुढे पुढे कोणी कोणाकडे जातही नसे; परस्पर निरोप यायचा आणि हात ठोकला जायचा. खांब साळिंदरासारखे दिसू लागले. खांबावर जागा संपली, तेव्हा नवा हात बसावा म्हणून जुना थोडा बाजूला वळवावा लागे. मग त्याच्या शेजारचाही. कोणत्या घराची दिशा कोणती, हे त्या घरी गेलेल्यालाच कळले असते, आणि गेलेले कोणीच नव्हते.

वर्दळ वाढली, हे इथे नमूद केले पाहिजे. खानावळीच्या दारात दिवसभर माणसे येत. पाणी पीत, खांब न्याहाळत आणि पुढच्या हाताने निघून जात. कोणाला नालबंद हवा असे, कोणाला काढा.

"आज किती आले?" बायको चुलीपुढून विचारी.

"पुष्कळ."

"जेवले किती?"

"आले पुष्कळ."

पुढे एके दिवशी स्थळपाहणीसाठी दरबारचा कारकून आला. हा नियमाने चालणारा माणूस. खिंडीखालच्या खानावळीची पाहणी करायची, म्हणून मुलखाच्या वेशीवर त्याने ताटाचा हात पाहिला आणि घोडा तिकडे वळवला. तो कुंभाराच्या दारात पोचला. तिथल्या ताटाच्या हाताने त्याला नालबंदाकडे पाठवले, नालबंदाच्या हाताने वैद्याकडे, वैद्याच्या हाताने पुन्हा कुंभाराकडे. कुंभाराने त्याला इतक्यांदा पाहिले की शेवटी रामराम करणेही सोडून दिले. "कुणाला शोधताय?" असे मात्र त्याने विचारले नाही. खांबावर हात असताना विचारायचे कशाला?

दिवस कलला. कारकुनाने हातांचा नाद सोडला आणि झाडांवर दिसणाऱ्या धुराच्या रोखाने घोडा घातला. धूर म्हातारीच्या चुलीचा होता.

"कुठून आलात?" तिने विचारले.

"कुंभाराकडून."

"आणि त्याआधी?"

"कुंभाराकडूनच."

तिने ताट वाढले. तो पोटभर जेवला आणि मग कामाचे बोलला. "खिंडीखालची खानावळ कुठं आहे?"

"ती काय, त्या चिंचेच्या पलीकडं. तुम्ही तिच्या परसामागून आलात की."

"जेवण कसं असतं?"

"डाळ वाढवली असेल तर बरं असेल. मला अजून निरोप आलेला नाही."

कारकून भरल्या पोटी चिंचेपर्यंतसुद्धा गेला नाही. त्याने अर्जावर शेरा मारला : 'सदर स्थळाकडे असंख्य हात आहेत. स्थळ आढळले नाही.' म्हातारीचा विचार होऊ शकला नाही, कारण तिने अर्ज केलेला नव्हता.

हा शेरा वाटेवर सगळ्यांना कळला, आणि वाटसरूंनी हातांकडे पाहणे सोडले. धूर दिसेल तिकडे जायचे, नाहीतर शिदोरी बांधून निघायचे आणि थांबायचेच नाही, असा प्रघात पडला. मडकी कुंभाराच्या अंगणात पडून राहिली. खानावळीच्या दारातली वर्दळही ओसरली. पाणी प्यायलाही कोणी येईना.

मग एका सकाळी खानावळवाल्याच्या बायकोने दारातल्या खांबावरचे हात उपटून चुलीत घातले. तिने पातेल्यात डाळ वाढवली आणि नवऱ्याला म्हणाली, "जा, मावशीला निरोप देऊन या."

तो गेला. म्हातारी आली, जेवली. वरण तिने पुन्हा मागून घेतले. दुसऱ्या दिवशी तिच्या खांबावर ताटाचा नवा हात होता, नीट चिंचेच्या दिशेला.

तो हात खरा होता. पण तोवर हात पाहून चालणारा वाटसरू त्या मुलखात उरला नव्हता.

खानावळवाला आणि त्याची बायको पडवीत बसतात. समोरासमोर. वरण आता चांगले होते, हे त्या दोघांना आणि म्हातारीलाच ठाऊक आहे.

तात्पर्य : जिथे आपण स्वतः जेवलो नाही, तिकडे दुसऱ्याला बोट दाखवून पाठवू नये; अशाने शेवटी खऱ्या बोटावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

अर्जाबाबत : स्थळ आढळत नसल्याने दरबाराने तो अर्ज अभिप्रायासाठी पागेकडे पाठवला. पागेने तो मुदपाकखान्याकडे पाठवला, मुदपाकखान्याने कोठाराकडे, आणि कोठाराने, हा विषय पागेचा आहे, असे कळवले. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.