तळ्याचे तीन प्रभाग

विषय : रानातील तळ्याची तीन प्रभागांत विभागणी.
संदर्भ : त्याविरुद्ध कासवाने केलेला अर्ज.

एका रानात एक तळे होते. त्यातले बेडूक, मासे, खेकडे एकाच प्रभागात मत देत आणि दर वेळी कासवाला पंचायतीवर पाठवत. कासव तिथे फारसे बोलत नसे. बांध फोडून पाणी उसाकडे वळवायचा ठराव आला, की तेवढे "नाही" म्हणे. तळ्याच्या सदस्याच्या संमतीशिवाय बांधाला हात लावायचा नाही, असा नियमच होता.

सभापती कोल्हा होता आणि ऊसही त्याचाच. त्याने नियम मोडला नाही. तो कायदा मानणारा होता. त्याने फक्त पाण्यात बांबू रोवून तळ्याचे तीन भाग केले आणि एकेक भाग एकेका टेकडीला जोडला. टेकड्यांवर कोल्ह्यांची वस्ती दाट होती. "टेकड्यांनाही पाण्याचा सहवास लाभावा," असा उदात्त हेतू त्याने नोंदवला. एका बेडकाचे डोके एका प्रभागात आणि मागचे पाय दुसऱ्यात गेले.

कासवाने हत्तीच्या न्यायालयात अर्ज केला. इकडे निवडणूक जाहीर झाली आणि कोल्ह्याने कामाला लावलेल्या घुशींनी उसापासून चर खणत बांधापर्यंत आणला. त्यांच्या नखांचा आवाज पाण्याखाली ऐकू येऊ लागला. बेडकांनी ओरडणे बंद केले.

सुनावणीच्या दिवशी सकाळीच कोल्हा काठावर आला.

"कासवराव, या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवता? अर्ज मागे घ्या. तुमच्या दगडाभोवती चौथा प्रभाग काढतो. जन्मभर सदस्य!"

"त्यात मतदार किती?"

"तुम्हीच की!"

कासवाला तो दगड आवडत असे. सदस्यपणही आवडत असे.

"आणि बांध?"

"बांधाचं बघू हो पुढं."

कासवाने मान आत घेतली. कोल्ह्याला वाटले, जमले. मान बाहेर आली ती न्यायालयाच्या दिशेने. हत्ती उठायच्या बेतात असताना ते कसेबसे पोहोचले.

"महाराज, चुकीचा सदस्य पुढच्या निवडणुकीत बदलता येईल. पण तळे आटले, तर मासे पुढच्या निवडणुकीला येणार नाहीत."

हत्तीने कान हलवणे थांबवले. "जाहीर झालेली निवडणूक मी रोखणार नाही. मात्र ही विभागणी योग्य की अयोग्य, हे ठरेपर्यंत बांधाला कोणी नख लावायचे नाही."

निवडणूक झाली. कासव पडले. तळ्यातले कोणीच निवडून आले नाही. घुशी चरात बसून आहेत. न्यायालयातल्या दिरंगाईवर कोल्हा आता सभांमधून पोटतिडकीने बोलतो.

"तुम्हाला तरी निकालाची घाई नको का?" त्याने एकदा विचारले.

"मला घाई कधी होती?" कासव म्हणाले. निकाल कोणाच्या बाजूने लागेल, हे त्यालाही ठाऊक नाही. प्रत्येक तारखेला ते जाते.

तात्पर्य, तूर्तास एवढेच : सगळ्यांच्या पाण्यासाठी केलेला अर्ज स्वतःच्या खुर्चीपायी मागे घेऊ नये.

तळ्यात पाणी आहे. अर्ज प्रलंबित आहे.