दारावरचं नाव

समुद्रकाठच्या एका गावाने वर्गणी काढून जुनी रुग्णवाहिका घेतली आणि रंगवायला शेवंता तांडेलकडे आणली. शेवंताने गाडीखाली शिरून गंज खरवडला आणि ती बाहेर येऊन म्हणाली, "आधी खालून गंजरोधक रंगाचे दोन हात द्यायला हवेत."

"खाली कोण बघतंय?" समितीचे अध्यक्ष रावसाहेब खोत गरजले. "उद्घाटन परवावर आलंय. दारावर माझं नाव हातभर अक्षरांत काढ, बाकीचं राहू दे."

खारं वारं गाडी खाऊन टाकील, मग अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं कशातून, या विचाराने शेवंताचा जीव कासावीस झाला. तरी ती हसूनच म्हणाली, "काढते की! फक्त एक सांगून ठेवते, रावसाहेब. खालून पत्रा कुजला की बिजागऱ्या सुटतात आणि दार निखळतं. भर बाजारात तुमचं नाव रस्त्यावर पडलं आणि त्यावरून म्हशी गेल्या, तर मला बोल लावू नका."

जमलेली माणसं खो खो हसली. रावसाहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

"दोन कसले? चांगले तीन हात दे," ते म्हणाले. "उद्घाटन करू पुढच्या आठवड्यात!"