मोडीचा तास आणि विरजणाची वाटी

एका टेकडीवर एक महाविद्यालय होतं, अगदी लहानसं. दोन-अडीचशे मुलंमुली, सगळी तिथंच राहणारी. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच भोजनगृहात, एकाच पंगतीला जेवत. महाविद्यालय एवढंसं, पण त्याची माहितीपुस्तिका मात्र जाडजूड. तत्त्वज्ञान, पाली, संगीत, खगोल, लोककला, मोडी लिपी... जत्रेतल्या दुकानासारखं सगळं मांडून ठेवलेलं.

त्या पुस्तिकेतली एकच ओळ वाचून मोहिनी नावाची मुलगी दोन एसट्या बदलून तिथं आली. ओळ होती, 'मोडी लिपी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम.'

तिच्या गावात शेतांना पाटाचं पाणी मिळे, तेही बारीबारीनं. कोणाची बारी आधी आणि कोणाची नंतर, हे जुन्या कागदांत लिहून ठेवलेलं, आणि कागद सगळे मोडीत. वरच्या आळीनं वाचायला माणूस आणला, त्यानं एक वाचलं. खालच्या आळीनं दुसरा आणला, त्यानं भलतंच वाचलं. पाटावर काठ्या निघाल्या. शेवटी दोन्ही आळ्या देवळात बसल्या आणि ठरलं, की आपलीच एक पोर शिकून येऊ दे. ती वाचेल ते सगळ्यांना मान्य. अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर गावानं आपलं पाणी ठेवलं.

पहिलं वर्ष अक्षरं गिरवण्यात गेलं. वर्गात ती आणि आणखी एक मुलगी, दोघीच. शिकवायला तात्या. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. फळ्यावर आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची, हात न उचलता. "अक्षर ओळखलं म्हणजे वाचता आलं असं नाही," तात्या म्हणत. "लिहिणाऱ्याचा हात ओळखावा लागतो. ते दुसऱ्या वर्षी."

दुसरं वर्ष उजाडलं आणि पहिल्याच सकाळी फलकावर कागद लागला. ज्या विषयाला दहापेक्षा कमी विद्यार्थी, तो विषय यंदा स्थगित. खाली नावं होती. तिसरं नाव मोडी लिपी.

मोहिनी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेली.

"सर, पुस्तिकेत तर छापलंय."

"छापलंय ना! काढून कुठं टाकलंय? स्थगित आहे. मागणी आली की पुन्हा सुरू करू."

"मी मागतेय की."

"तू एकटी आहेस, बाळ. तुझी मैत्रीणसुद्धा व्यवस्थापनाकडं गेली. एका मुलीसाठी एक शिक्षक, एक खोली? तूही व्यवस्थापन घे. नोकरी लागेल."

"आणि गावाला काय सांगू?"

"सांग, थोडं थांबा म्हणून."

थोडं थांबा! पाणी थांबतं होय कुणासाठी? माणसाला जेवायला बोलवायचं, पाट मांडायचा, पान वाढायचं, आणि त्यानं पहिला घास उचलला की म्हणायचं, उठा आता, तुम्ही एकटेच आहात. कुठल्या घरात असं करतात? ज्यांनी केलं ते शिकलेले होते, हे तर आणखी नवल.

मोहिनी तात्यांकडं गेली. रडत नव्हती, संतापलेली होती. "तात्या, तुमचा विषय काढला आणि तुम्ही गप्प कसे?"

तात्यांनी विचारलं, "आज जेवायला दही आहे का गं?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ती पाय आपटत निघून गेली.

दुपारी पंगत बसली. प्राचार्यही होते. सगळ्यांची पानं वाढून झाली, भात आला, तेवढ्यात तात्या पंगतीतून उठले ते थेट स्वयंपाकघरात. कोपऱ्यातल्या फळीवर झाकण घातलेली एक वाटी होती. ती घेऊन ते परत आले, सगळं दही आपल्या भातावर पालथं केलं, आणि कालवून खायला लागले.

स्वयंपाकीण ठकूमावशी हातात डाव घेऊन धावत आली.

"अहो तात्या! थांबा! काय केलंत हे? विरजणाची वाटी ती! संध्याकाळी वीस लिटर दूध विरजायचंय मला, परवा संस्थेचे अध्यक्ष यायचेत, श्रीखंड सांगितलंय त्यांना! आता काय दुधात तुमचं तोंड बुडवू?"

मुलं हसायला लागली. प्राचार्य मात्र रागानं लाल झाले. "तात्या, या वयात हे शोभतं का?"

"काय चुकलं माझं?" तात्या बोटं चाटत म्हणाले. "वाटीत होतं किती? चार चमचे. पंगत अडीचशेची. दहा जणांना पुरलं नसतं. एवढ्याशासाठी एक वाटी, एक झाकण, फळीवरची जागा, आणि रोज सांभाळायला ठकूबाई! हे शहाणपणाचं आहे का, तुम्हीच सांगा."

"अहो, ते खायला नसतं ठेवलेलं!" प्राचार्य ओरडले. "ते किती जणांना पुरतं हे कोण मोजतंय? त्याच्यावर उद्याचं दही लागतं!"

आपलंच बोलणं प्राचार्यांच्या कानांना ऐकू आलं. तरी माणूस हुशार, इतक्यात हार मानणार नाही. ते म्हणाले, "त्यात काय मोठं? खाली गावात जाऊन कुणाच्याही घरून चमचाभर आणता येईल."

तात्या तेव्हा उभे राहिले. आवाज चढला नाही.

"आणा. दह्याचं बरं आहे, साहेब, शेजारी मिळतं. मोडीचं विरजण कुठून आणाल? तालुक्याच्या महाविद्यालयानं सहा वर्षांपूर्वी आपली वाटी धुतली. जिल्ह्याच्यानं परवा धुतली. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्या घरी असेल. माझ्यात आता किती दिवस उरलेत? तुम्ही म्हणता, मागणी आली की सुरू करू. दहा नाही, दोनशे मुलं येतील हो दारात, ऊन ऊन दुधासारखी. त्यांच्यात घालायला कोण असेल? ही मुलगी वर्गात एकटी बसते, ती गर्दी कमी पडली म्हणून नव्हे. ती फळीवर ठेवलेली वाटी आहे. आणि तुम्ही तिला सांगता, नोकरी लागेल."

प्राचार्यांच्या पानातला भात तसाच राहिला. ठकूमावशीनं गावातून वाटीभर दही मागवलं आणि तात्यांना आठ दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावू दिला नाही. त्याच संध्याकाळी दिवे लागायच्या आत कोणीतरी फलकावरच्या कागदावर पेन चालवलं होतं. तिसरी ओळ खोडलेली होती. बाकीच्या ओळी तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी फळ्यावर आडवी रेघ ओढली. समोर मोहिनी, एकटी.

"तात्या, माझं शिकून झालं की मी गावाला जाणार. कागद वाचायला. मग इथं कोण?"

"जाताना कुणाला तरी बसवून जा."

मोहिनीनं शेजारच्या रिकाम्या बाकाकडं पाहिलं. मग आपली पिशवी तिथून उचलली, मांडीवर घेतली, आणि ती जागा मोकळी केली.

मुलांना महाविद्यालयात घालताना पुस्तिकेत विषय किती छापलेत ते मोजत बसू नका. त्यातले शिकवता किती, ते विचारा, आणि चारचौघांत विचारा.