उरलेल्या आठ मिनिटांचा अर्ज

विषय : स्वप्नातील वाक्य अपुरे राहत असल्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची स्वप्न-नोंदवही, अनुक्रमांक १ ते १४१२.

“उरलेली आठ मिनिटं गेली कुठं, बाबा?”

विचारणारे श्री. मनोहर भास्कर टोणपे, तहसील कचेरीतले निवृत्त अव्वल कारकून. ज्यांना विचारलं ते दस्तगीरबाबा नदाफ, दर्ग्यामागच्या चिंचेखाली बसून गाद्या-उशा भरणारे. लोक त्यांना फकीर म्हणत. ते स्वतःला पिंजारी म्हणत. त्यांनी आजवर कुणाला शिष्य केलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या शिष्यांत भांडणं नव्हती.

फकिराकडे नुसतं जाणं बरं दिसत नाही, म्हणून टोणप्यांनी उशी भरून घेण्याचं निमित्त बरोबर आणलं होतं.

बाबांनी पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर टोला मारला. कापूस उडाला.

“कसली आठ मिनिटं, भाऊसाहेब?”

टोणप्यांनी मनगट पुढे केलं. पुण्याच्या मुलानं पाठवलेलं घड्याळ होतं. वेळ सांगणं हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम झोप मोजण्याचं.

“परवा मला अकरा मिनिटं स्वप्न पडलं असं हे सांगतं. मी उठून लिहून काढलं, तर ते तीन मिनिटांत वाचून होतं. म्हणजे आठ मिनिटांचा फरक. फरक राहता कामा नये.”

“आणखी काय सांगतं हे?”

“झोपेला शंभरपैकी गुण देतं.”

“तुम्हाला किती?”

“बासष्ट.”

“पास झालात की!”

टोणपे हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून लाल कापडी बांधणीची नोंदवही काढली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून पडलेलं प्रत्येक स्वप्न तीत होतं. रकाने आखलेले : अनुक्रमांक, दिनांक, विषय, गोषवारा, शेरा. शेवटी अक्षरवार सूची. ‘प’ या अक्षराखाली सर्वांत गर्दी : पडणे, पळणे, पाणी, परीक्षा.

“चार वर्षांत एक स्वप्न नोंदीवाचून गेलेलं नाही,” ते म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे, कचेरीत चालेल इतका.

“वाचा की एखादं.”

टोणप्यांनी घसा साफ केला.

“अनुक्रमांक नऊशे तीन. विषय : पूर. कचेरीच्या आवारात पुराचे पाणी शिरल्याचे निदर्शनास आले. पाणी टेबलाच्या उंचीपर्यंत चढले असता अर्जदार दप्तरासह कपाटावर गेला. तेथे अगोदरच एक म्हैस बसलेली आढळून आली. शेरा : काही नाही.”

बाबांनी पिंजण खाली ठेवलं.

“म्हैस बसलेली आढळून आली, आणि शेरा काही नाही?”

“नाही.”

“भ्यालात का नाही?”

“त्याला रकाना नाही.”

...

“स्वप्नातसुद्धा असंच बोलता होय?”

“आता स्वप्नंच अशी पडतात,” टोणपे म्हणाले. “मागच्या महिन्यात कुत्रं मागं लागलं. तेही ‘आपणांस कळविण्यात येते की’ असं भुंकत होतं.”

बाबा हसले. इतके हसले, की दाढीत अडकलेला कापूस पुन्हा उडाला.

“मग अडलंय कुठं?”

टोणप्यांनी शेवटचं पान उघडलं. अनुक्रमांक १४१२. बाकीचे विषय पूर, परीक्षा असले होते. इथे विषयाच्या रकान्यात नाव होतं : कुमुद.

“मंडळी?”

“हो. दीड वर्ष झालं तिला जाऊन.”

“काय दिसलं?”

“स्वयंपाकघरात बसली होती. लसूण सोलत होती. वर बघितलं आणि म्हणाली, ‘अहो, ऐका ना...’”

“पुढं?”

“पुढे काही नाही. जाग येते.”

“एकदाच आल्या?”

“एकोणीस वेळा. कधी लसूण असतो, कधी शेंगा. वाक्य तेवढंच.” टोणप्यांनी नोंदवही मिटली. “तिला काहीतरी सांगायचं आहे, बाबा. ते त्या आठ मिनिटांत आहे. मला ते पाहिजे.”

“तुमच्या लेकाला सांगा. बोललेलं लिहिणारा फोन असतो म्हणे.”

“तोही दिलाय त्यानं. लिहितो. पण पुढचा शब्द स्वतःच सुचवतो. मी ‘कुमुद’ म्हटलं, की तो ‘यांना भावपूर्ण श्रद्धांजली’ सुचवतो.”

...

टोणप्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “रीतसर अर्ज आणलाय.”

बाबांनी अर्ज घेतला. वाऱ्यानं उडू नये म्हणून तसाच घडीसकट सुयांच्या डब्याखाली ठेवला. अर्ज न वाचता व्यवस्थित ठेवण्याची ही पद्धत टोणप्यांच्या ओळखीची होती. त्यांना जरा बरं वाटलं.

“जाग कशानं येते?”

“हात पेन्सिलीकडे जातो. ती उशीखाली असते. महत्त्वाचं काही निघालं, की आधी लिहून घ्यावं लागतं.”

पेन्सिल नोंदवहीला सुतळीनं बांधलेली होती.

“बांधलीय का ती?”

“कुणी नेऊ नये म्हणून.”

“घरात कोण कोण असतं?”

“मी एकटाच.”

उशी पुढे ओढून बाबांनी तिची शिवण उसवायला घेतली. जुना कापूस बाहेर आला. घट्ट झाला होता, चपातीसारखा.

“बाई होत्या, तेव्हा ‘अहो, ऐका ना’ म्हणायच्या?”

“रोज.”

“तुम्ही काय म्हणायचात?”

टोणपे चिंचेकडे बघत राहिले. पाला वाऱ्यानं हलत होता, त्यात बघण्यासारखं फार काही नव्हतं.

“‘एवढं लिहून होऊ दे’ म्हणायचो.”

“मग त्या?”

“थांबायची.”

“किती वेळ?”

टोणप्यांनी घड्याळाकडे बघितलं. त्यात ती माहिती नव्हती.

“वळणाच्या बाई,” बाबा म्हणाले. “अजून थांबल्यात.”

...

कापूस पिंजून झाला. मूठभर वाटत होता तो मांडीभर झाला. बाबांनी तो उशीत भरला, अर्धी उशी झाल्यावर हात पुढे केला.

“पेन्सिल द्या.”

टोणप्यांना वाटलं, आता उत्तर लिहून मिळणार. त्यांनी नोंदवहीसकट पेन्सिल पुढे केली. बाबांनी कात्रीनं सुतळी कापली, पेन्सिल उशीत घातली, वर उरलेला कापूस भरला आणि सुई ओवली.

“अहो बाबा! ती चांगली पेन्सिल आहे. कचेरीतली...”

“कचेरीतनं आणली?”

“निवृत्तीच्या दिवशी चुकून बरोबर आली.”

“मग मुक्कामाला पोचली म्हणा.”

टाके पडत गेले. बारीक, एकसारखे.

“बोचेल ती,” टोणपे म्हणाले.

“बोचू द्या. हरवली नाही एवढं कळेल.”

“आणि माझा अर्ज?”

“दाखल झाला.”

...

वीसेक दिवसांनी टोणपे पुन्हा चिंचेखाली आले. या वेळी निमित्ताला उशी नव्हती. नोंदवहीही नव्हती. मनगट मोकळं होतं.

“घड्याळ?”

“कपाटात. मुलाला कळवलंय, ते नियत वयोमानानुसार निवृत्त झालं म्हणून.”

“गुण कोण देतं मग?”

“कुणी नाही. नापास असेन.”

बाबांनी बसायला पोतं सरकवलं. टोणपे बसले.

“आल्या होत्या?”

“आली होती. गुरुवारी.”

“काय म्हणाल्या?”

“‘अहो, ऐका ना’ म्हणाली. सवयीनं माझा हात गेला. पेन्सिल हाताला लागेना. म्हणून तसाच तिच्यासमोर बसलो.”

“मग?”

“तिनं अर्धा लसूण माझ्याकडे सरकवला.”

“सोललात?”

“सोलला. मला नीट येत नाही. ती हसली.” टोणपे बोटांकडे बघत होते. “जेवढा सोलावा तेवढा उरतच होता.”

“काही सांगितलं त्यांनी?”

“नाही.”

“तुम्ही विचारलं?”

“सुचलंच नाही.”

“जाग कधी आली?”

“ऊन तोंडावर आलं तेव्हा. चहाला उशीर झाला. चार वर्षांत पहिल्यांदा.”

...

मग आपण कशासाठी आलो आहोत ते टोणप्यांना आठवलं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या.

“पण वाक्य अजून अपुरंच आहे, बाबा. आठ मिनिटांचा खुलासा झालेला नाही.”

तक्रारच होती. सूर मात्र तक्रारीचा लागला नाही.

बाबांनी डब्याखालून अर्ज काढला. घडी तशीच होती. त्यांनी तो टोणप्यांसमोर धरला.

“बघा बुवा. आज हातासरशी निकाली काढून टाकू?”

“नको नको,” टोणपे घाईनं म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तो कागद त्यांच्याकडे परत लोटला.

बाबांनी अर्ज पुन्हा सुयांच्या डब्याखाली सरकवला. डबा नीट दाबून बसवला. मग ताठ बसले, चष्मा नसलेल्या नाकावर चष्मा सारखा केला आणि कचेरीतला आवाज काढून म्हणाले,

“आपणांस कळविण्यात येते की, अर्ज प्रलंबित आहे.”