शिंप्याचे बाहेरचे टाके

विहिरींना कठडे नव्हते तेव्हाची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या उंबरावर शिंपी पक्ष्यानं पानं शिवून घरटं केलं आणि जाहीर केलं, की ज्याला हवं त्यानं यात अंडी घालावीत, टाके बघून स्वतःचंही शिवावं.

साळुंकीला हे पटेना. "फुकट कोण देतं? यात काहीतरी काळंबेरं असणार."

"म्हणूनच टाके बाहेरून घातलेत," शिंपी म्हणाला. "ओढून बघा."

तिनं ओढलं आणि एक टाका उसवला. "बघा, पिल्लं थेट विहिरीत गेली असती," असं ती सगळ्या झाडाला सांगत सुटली. शिंप्यानं फक्त "कुठला?" असं विचारलं आणि तिथे दुहेरी दोरा घातला.

मग ती रोज येऊन नवा टाका ओढायची. घरट्यात चिमणीची पिल्लं वाढू लागली, एक वादळही येऊन गेलं, तरी साळुंकीचा संशय जाईना. शेवटी चिमणी वैतागली. "आता पुरे करा, साळुंकीबाई." साळुंकी रुसली आणि यायची बंद झाली.

थोड्या दिवसांनी शिंपी स्वतः तिच्या ढोलीशी आला.

"चला, बाई. तुम्ही गेल्यापासून घरटं कोणी ओढलेलं नाही. मला आता त्याचा भरवसा वाटत नाही."